बारा मिलिमीटर

जोहान्सबर्गच्या विमानतळामागे, मालाच्या शेडमध्ये
जुलैतली कडाक्याची रात्र.
रेलेबोहिले खांद्यावरचं जाड बासोथो ब्लँकेट
मोठ्या पिनेनं आवळते, आणि खोक्याशी उकिडवी बसते,
तापातल्या पोरापाशी बसावं तशी.

खिशातून सहा इंची पट्टी काढते. प्लास्टिकची, शाळेतली,
एका कोपऱ्यावर कुणाचे तरी दात उमटलेले.
यू. एन. दोन नऊ एक पाच.
एकेक अक्षर मापते.
उंची बारा मिलिमीटर. अकरा चालत नाही.

"आणि मोठं झालं तर?"
माझा कामावरचा तिसरा आठवडा.
"मोठ्याचा त्रास कुणाला नाही," ती म्हणते,
"बारीक लिहिणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतं."

पाठवणाऱ्याचं नाव. घेणाऱ्याचं नाव. टाइप ए.
समोरासमोरच्या दोन बाजूंना लेबल,
वर पिवळं, खाली पांढरं, टोकावर उभा चौकोन,
आणि त्यात तीन पाकळ्या,
ज्यांना फूल म्हणायला जीभ रेटत नाही.
आत काय आहे: मॉलिब्डेनम नव्याण्णव.
किती आहे: तेही.
मग ती मीटरभर लांब जाते, यंत्राचा आकडा वाचते,
हिशेब हातावरच करते. ०.६२ येतात.
लेबलवर लिहिते ०.७.
"इथे वरच सरकायचं. खाली कधीच नाही."

वजनाची चौकट मी रिकामी पाहून विचारतो.
"पन्नास किलोंच्या वर असेल तरच लिहायचं.
त्याखाली नियम काही विचारत नाही."
आणि थांबते. मार्करचं टोपण लावते, काढते, लावते.

तिचा बाप, न्टाटे त्सेलिसो, एकवीस वर्षं
याच पठाराच्या पोटात सोन्यामागे गेला.
दर डिसेंबरला पत्र्याची ट्रंक घेऊन यायचा,
पांढऱ्या रंगानं स्वतः रंगवलेली:
नाव, गाव, खालच्या ओळीत नदीचं नाव,
म्हणजे हरवली तर नदीकाठानं कुणी आणून देईल.
शेवटच्या खेपेला ट्रंक बसच्या टपावरून उतरली,
मग तो उतरला.
दळणाच्या काट्यावर बसवला तेव्हा
अठ्ठेचाळीस भरला, बुटांसकट.
त्या दगडात सोन्याशेजारी आणखी काय काय होतं,
त्याच्या छातीत त्यातलं किती आलं होतं,
कुठल्या बाजूला लिहिलं नव्हतं.
पाठवणाऱ्याचं नाव मात्र होतं. टोपीवर.

हे ती सांगत नाही, म्हणजे सलग सांगत नाही.
दोन खोक्यांच्या मधे, पट्टी पुसता पुसता.

कोपऱ्यात परतीची एक जाड पोलादी टाकी आहे, टाइप बी.
तिच्यावरचं चिन्ह शाईचं नाही, कोरलेलं आहे.
आग लागली, कागद गेला, रंग गेला,
पाण्यात पडली, लेबल सुटून वाहून गेलं,
तरी राखेतून, गाळातून काढणाऱ्याच्या
बोटांना कळावं म्हणून.
रेलेबोहिले हातमोजा काढून त्या खाचेवरून
अंगठा फिरवते. खालून वर, पुन्हा खालून वर.
मी तपासणीच्या कागदात डोकं घालतो.

टाकी रिकामी आहे. रिकामीचं जुनं लेबल झाकावं लागतं.
आता जे नाही ते बाहेर दिसता कामा नये,
हाही नियमच.
ती चिकटपट्टी दातानं तोडते.
(कोपरा चावणारं कोण, ते मला आत्ता कळतं.)

चार दहाचं विमान विंडहुकला जाईल.
तिथल्या इस्पितळात कुणाची तरी हाडं वाट पाहतायत.
आकाशात असतानाच आतला माल उतरत जाणार,
तासातासानं, कुणी हात न लावता,
आणि लेबलवरचा आकडा तोच राहणार.
"मग हे खोटं नाही का होत?" मी विचारतो.
ती घड्याळ बघते. तारीख लिहिते.
"लिहिलं तेव्हा खरं होतं. एवढंच आपल्या हातात."

फ्लास्कच्या झाकणात मला रूईबोस ओतते, उरलेला स्वतःला.
मग पट्टी माझ्याकडे सरकवते.
"पुढचं खोकं तू."
मी मोजतो. एन अकरा भरतो.
पुन्हा मोजतो. अकरा.
ती काही बोलत नाही. नवा स्टेन्सिल
आधीच तिच्या हातात आहे.