फळ्या काढायच्या आधी

हे मी आणलं.
अठरा वर्षांपूर्वी, पेणच्या मावशीकडून,
रंगाच्या रिकाम्या डब्यात, तांब्याभर पाण्यासकट.
एसटीला हिसका बसला की पाणी मांडीवर सांडायचं.
शेजारची बाई म्हणाली, कसलं हो फूल?
मला नाव माहीत नव्हतं.
जांभळं. वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका,
कुणीतरी डोळा उघडून ठेवावा तसा.
म्हटलं, कमळाच्या जातीचं असेल.

गोठ्याजवळच्या दोणीत सोडलं.
दोन महिन्यांत दोण भरली, म्हैस तोंड लावीना.
मग मुठीमुठीनं उपटून परसामागच्या व्हाळात टाकलं.
हिरवं कुणी चुलीत घालतं का?
व्हाळ नदीला मिळतो, नदी बंधाऱ्याशी थांबते.
एवढंच केलं मी.

आता या काठापासून त्या काठापर्यंत केंदाळ.
रात्रीत कुणी वायंगण लावून गेल्यासारखं सपाट.
कमळपक्षी लांब बोटांनी त्यावरून चालतो
आणि बुडत नाही.
त्याच्या भरवशावर कुबलांची पाडी उतरली.
सहा माणसं, दोन दोर, अर्धा दिवस.
वर आली तेव्हा नाकपुड्यांत काळ्या मुळ्या
आणि डोळ्यांत अजून तेच कुरण.

इनास लोबो पाग खांद्यावर घेऊन उभा राहतो.
मरळ कुठं वळते, वाम कुठल्या कपारीत निजते,
हे त्याला पाण्याच्या आवाजावरून कळायचं.
आता आवाजच नाही.
‘पाग टाकूचो खंय गे?
पाण्याक झाकान घातल्यान कोणी.’
मी पदरानं तोंड पुसते. पुसण्यासारखं काही नसतं.
त्याची होडी काजऱ्याखाली उपडी,
तिच्या पोटात कोंबडी अंडी घालते.

तीन वर्षांमागे श्रमदान झालं.
एकशे बारा भारे मी स्वतः मोजले,
सगळ्यांत जास्त माझ्या डोक्यावरून गेले.
लोक म्हणाले, वहिनींची कमाल आहे.
पावसाळा सरला आणि पाणी पुन्हा मिटलं.
मग जिल्ह्याहून यंत्र आलं,
चार दिवस धडधडलं, डिझेल संपलं, गेलं.

काल शाळेच्या पडवीत सभा.
भिकाजी मेस्त्री, ज्यानं बंधाऱ्याच्या फळ्या तासल्या,
बसूनच बोलला:
अमावस्येच्या उधाणाला दोन फळ्या काढूया.
खारं आत घेऊया. खाऱ्यापुढं ह्याचं चालत नाही.
खरं आहे. फटीतून निसटून खाली खाडीत गेलेलं
तिसऱ्या दिवशी तपकिरी होतं, मऊ पडतं,
ओहोटीला चिखलावर पाचोळा उरतो.
सगळ्यांनी पाहिलंय.
मग जैबुन काझी उठली.
आणि माझी विहीर?
तिची विहीर काठापासून वीस पावलं.
दुष्काळी वैशाखात अर्ध्या वाडीनं तिथलं पाणी प्यालंय.
आणि वायंगण? पोटरीला आलंय.
कुणी काही बोललं नाही.
पंखा तेवढा फिरत होता.

‘कोणी हाडल्यान असतलां ह्यां?’ इनास म्हणाला,
कुणाकडे न बघता.
माझ्या तोंडून गेलं,
पुरात आलं असेल वरून.
लोकांनी माना हलवल्या.
वर धरण आहे, त्याच्यावर सगळं खपतं.

रात्री बंधाऱ्यावर गेले.
फळीला हात लावला. ऐनाचं लाकूड, गार, ओलं.
अलीकडे गोडं, गुदमरून गप्प.
पलीकडे भरती, दगड चाटत वर येत होती.
मध्ये भिकाजीच्या तासणीएवढी जाडी.
वाकून एक झाड ओढलं,
त्याच्यामागे धाग्यानं बांधलेलं दुसरं, तिसरं,
सातवं आलं तेव्हा मोजणं सोडलं.
सगळी कातळावर उलटी टाकली, मुळ्या आभाळाकडे.

सकाळी कुंपणावर जैबुन. हातात कळशी.
ती म्हणाली, मतदान रविवारी आहे.
मी म्हटलं, हो.
तिच्यामागे कातळावर,
उलट्या पडलेल्या झाडाचा देठ वाकून वर आला होता
आणि त्याला फूल होतं.
तिनं वळून पाहिलं.
देखणं आहे हो मेलं, म्हणाली.