आज्ञा गुरुवार

राखेच्या बुधवारपासून आम्ही प्रशासनाच्या पायऱ्यांवर होतो.
नऊ जण, चार तंबू,
आणि जुन्या चादरीवर ऑइलपेंटनं रंगवलेली मागणी:
तासाला १७ डॉलर.
सरोवरावरचा वारा सारखा त्यातला एक दुमडून टाकायचा.
लोक वाचायचे, सात.
"सात तर कायद्यानंच मिळतात की,"
असं म्हणत एक प्राध्यापक कॉफी सावरत वर गेले.

एर्मेलिंडाला मिळतात अकरा चाळीस.
तीन वर्षं मला हे ठाऊक नव्हतं.
तीन वर्षं तिनं आमच्या मजल्यावरची न्हाणीघरं घासली,
जाळीत अडकलेले माझे केस उपसले,
आणि मी तिच्यासाठी दार धरून उभी राहायचे,
दार धरणं म्हणजेच न्याय असं समजून.

फादर हुडाक रात्री घोंगड्या आणून टाकत.
दुसऱ्या वर्षी त्यांनीच शिकवलं होतं,
बुडवलेली मजुरी आभाळाकडे तोंड करून ओरडते.
त्या पेपरात मला विसापैकी अठरा होते.
"मग बोला ना त्यांच्याशी," टिअर्नी म्हणाला.
फादर बराच वेळ हातमोजे काढत-घालत राहिले.
"बोललो. ते म्हणतात, सफाईवाले आमचे नाहीत, ठेकेदाराचे."
मग खाली बघून,
"फरशी मात्र आमची."

झावळ्यांच्या रविवारी रात्री आम्ही अन्न सोडलं.
मंगळवारी, दोनच्या सुमाराला, ती दार ढकलून बाहेर आली,
बादली पायरीवर टेकवली
आणि तिची दहा मिनिटांची सुट्टी आमच्यात बसून काढली.
"माझा धाकटा विचारतो, ती पोरं जेवत का नाहीत?"
काय सांगितलंत?
"म्हटलं, त्यांना परवडतं."
कुणी हसलं नाही. शेवटी तीच हसली,
खिशातून मिठाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली.
"पाण्यात घाल. कॉफीच्या मळ्यावर संप झाला
तेव्हा आई हेच वाटत हिंडली होती."
म्हणजे आमच्याआधी कितीतरी वर्षं
ती या पायऱ्यांवर बसून गेली होती.

गुरुवारी चॅपलमध्ये बारा खुर्च्या.
अध्यक्ष दरवर्षी बारा जणांचे पाय धुतात.
यंदा कुणाला तरी सुचलं,
त्यांतले दोघं सफाईवाले असावेत.
फोटोग्राफरलाही सांगून ठेवलं होतं.

एर्मेलिंडानं मोजा काढला.
नखांना झगझगीत नारिंगी रंग.
मी भेगा बघायला मान उंचावली होती.
ते मला अजून कुठं कबूल करता आलेलं नाही.

अध्यक्ष गुडघ्यांवर. पाणी ओतलं, टिपलं, ओठ टेकवले.
ती वाकून त्यांच्या कानाशी काही बोलली.
माइक लांब होता.
त्यांची मान तशीच खाली राहिली,
विधीला लागते त्याहून जरा जास्त वेळ.

मिसा संपली. संगमरवरावर पाणी सांडलेलं.
एका पायात मोजा, दुसरा ओलाच,
अशी ती मॉप घेऊन आली.
मी धावले, दांड्याला हात घातला.
चार दिवसांच्या उपासानं डोळ्यांपुढे काजवे.
"सोड," ती म्हणाली,
"या तासाचे पैसे लागतात मला."

मी सोडला.
एवढ्या दिवसांत त्याहून अवघड
मी काही केलं नव्हतं.

मे महिन्यात पदरात पडले चौदा पंचवीस,
तेही जुलैपासून, तेही टप्प्याटप्प्यानं.
टिअर्नी याला हार म्हणाला. मॅग्डा तंबूचे खुंटे उपटताना रडली.
एर्मेलिंडानं पावतीच्या पाठीवर गुणाकार केला,
पुन्हा एकदा पडताळला.
"धाकट्याचे दात," म्हणाली. "वरचे दोन तरी."

त्या दिवशी कानात काय सांगितलंत? मी विचारलं.
मला वाटलं होतं काहीतरी मोठं, लिहून ठेवण्यासारखं.

"पाणी गार होतं.
म्हटलं, चॅपलचा बॉयलर नोव्हेंबरपासून बंद आहे,
मी तीनदा लिहून दिलंय."