सिंहासन, जॉब नंबर तेवीस

लोमेशभाऊ वडशाहून आला, टेम्पोतूनच ओरडला,
"सिंहासन पायजे. घडीचं."
राजा सव्वा क्विंटलचा, टेम्पो लहान,
मंडईपासून शंकरपटापर्यंत साठ गावं,
रोज रात्री जोडायचं, पहाटे मोडायचं.
मी कोपऱ्यातल्या फळ्यांकडे पाहिलं,
म्हणालो, चौदा हजार.
माझा बाप असाच बोलायचा,
डोळ्यानं माप, जिभेनं किंमत.

मोनाली, बहिणीची पोर, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला.
जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून
तिनं कार्डं केली, कामागणिक एक,
आणि पटाशीशेजारच्या खिळ्याला टांगली.
"लाकूड किती, हात किती, बाकी किती.
लिहूनच ठेवायचं, मामाजी."
बाकी म्हणजे?
"जे कोणाच्याच नावावर नाई ते."

सागवान, डेपोच्या शिक्क्याचं, दोन घनफुटांवर थोडं:
पाच हजार चारशे साठ.
बिजागऱ्या, फोम, लाल रेक्झिन, वॉर्निश:
अठराशे पंचाहत्तर.
सुकरूचे बावीस तास, साठनं.
माझे चौतीस.
मला तासाचे एकशेदहा लावले तिनं
आणि मी उगाच भुसा झाडू लागलो.
स्वतःचाच तास विकत घ्यायचा,
आपणच दुकानदार, आपणच गिऱ्हाईक,
घासाघीस कोणाशी करणार?

मग बाकी.
भाडं, लाईटबिल, आरीची धार,
डब्याच्या तळाशी वाळलेलं फेव्हिकॉल,
आणि मंगळवारी लाईन गेली तेव्हा
थंड रंधामशीनवर हात ठेवून
आम्ही दोघं बसलो, तो सव्वा तास.
"तो कायले लिहिता," सुकरू म्हणाला,
"तो कोण्याच कामाचा नाई."
"म्हणून सगळ्याच कामांचा," मोनाली.
महिन्याचे बारा हजार तीनशे
तीनशे तासांनी भागले तिनं.
तासामागे एकेचाळीस.

त्या रात्री मी पडल्या पडल्या मोजत राहिलो.
म्हणजे डोंगरवार गुरुजींच्या दाराच्या चौकटीत
थोडी गेलेली लाईन बसवली आहे मी,
अंगणवाडीच्या चार बुटक्या खुर्च्यांत
आरीचा एकेक दात,
आणि सुकरूचा चहा तर गावभर वाटला गेलाय,
खाटांत, पाटांत, आटाचक्कीच्या गल्ल्यात.
हे आधीही होतंच.
फक्त पैसे मी भरत होतो.

सिंहासनाचं कार्ड भरलं.
चौदा हजार सहाशे एक्याण्णव.
वरच्या सहाशे एक्याण्णवखाली
मोनालीनं दोन रेघा मारल्या, बोलली काही नाही.
ज्या साध्या चौकटी मी जांभया देत ठोकल्या
त्यांची कार्डं मात्र हसत होती खिळ्यावर.

माघात कोंढाळ्याला पट. रात्री नाटक.
राजा आला, मिशीवर हात फिरवून बसला.
लोक राजाकडे बघत होते,
मी डाव्या बाजूच्या मागच्या सांध्याकडे.
कुरकुरला नाही.
राजा गरजला, "माग, मागशील ते देईन!"
सुकरूनं कोपर मारलं,
"सहाशे एक्याण्णव मांगा ना जी."
पुढच्या चटईवरची बाई वळून वळून रागावली,
तरी आमचं थांबेना.

पडदा पडल्यावर पानठेल्यापाशी लोमेशभाऊ.
पुढच्या सीझनले राणीसाठी झोपाळा पायजे,
घडीचाच. किती होतीन?
आकडा जिभेवर आला होता,
बापाच्या आवाजात, गोल, बिनचूक वाटणारा.
मी खर्रा गालात सरकवला.
परवा सांगतो, म्हणालो. कार्ड काढा लागते.
"कायचं कार्ड बे? झोपाळा कितीचा ते सांग."
लाईन किती वेळ जाते,
त्याच्यावर हाये भाऊ.