आतबट्टा

ईरी शहराच्या पाणीपट्टी खात्यात
कॉफीच्या यंत्राचा हिशेब मीच मांडला.
सोपा होता: सामायिक भांड्यातला कप नऊ सेंटांना,
डबीतला बासष्टला.
तिथेच रेघ मारली असती
तर यंत्र आलंच नसतं.

पण मी पडलो चोख माणूस.
सिंकमध्ये ओतली जाणारी कॉफी मोजली
आठवडाभर, मापाच्या भांड्याने.
रांगेतली मिनिटं मोजली.
‘शेवटचा कप कुणी घेतला
आणि नवी का नाही टाकली’
या भांडणाचीही मोजली,
ती तर पगाराच्या दराने.
बेरीज डब्यांकडे झुकली. मी झुकवली नाही.
थोडी झुकवली.

यंत्र गुणी आहे.
डबी ठेवा, झाकण पाडा, बटण दाबा.
घसा खाकरतं
आणि चाळीस सेकंदांत एकट्यापुरती देतं,
रेमंडला कडक, डॉटीला हेझलनट,
मला कधी हे कधी ते.
कुणाचं कुणावाचून अडत नाही.

पूर्वी साडेनऊला वांडा नोव्हिट्स्की
भांडं घेऊन टेबलाटेबलाशी यायची,
कुठे मीटर गोठला, कुणाचं बिल थकलं,
सांगत सांगत ओतायची.
कॉफी, खरं सांगतो, वाईट होती.
फडकं पिळल्यासारखी.
तरी माझा कप पुढे व्हायचाच.

फेब्रुवारीत तळ्यावरून बर्फ आला, चार दिवस.
पाचव्या दिवशी डॉटी म्हणाली,
वांडाच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, सोमवारीच.
सोमवारी!
भांडं असतं
तर नऊ पस्तीसला सगळ्या खात्याला कळलं असतं.

ती परत आली. बारीक झाली होती.
यंत्रापुढे उभी राहून म्हणाली,
चोथा कुठे जातो रे आता?
तिच्या टोमॅटोच्या वाफ्याला
आमचा चोथा जायचा, सात वर्षं,
पावाच्या पिशवीतून.
हा रकाना माझ्या हिशेबात नव्हता.

आता पाचनंतर मी कचऱ्याची टोपली ओढून बसतो.
डब्या अजून कोमट असतात.
कात्रीचं टोक खुपसायचं, फॉइल फाडायचं,
चमच्याने खरवडायचं.
बोटं काळी होतात, वास घरापर्यंत येतो.
एका डबीला पन्नास सेकंद.
आज एक्केचाळीस निघाल्या.

किती मिनिटं होतात ते मला येतं.
करत नाही.