मानेतला आवाज

नारुकोत बर्फ पडतं तेव्हा गंधकाचा वास
वर जात नाही, गटारांच्या झाकणांवर बसून राहतो.
त्या वासात आमचं दुकान उघडतं.
वडील, इसोजी, एक्क्याऐंशीचे,
मिझुकीचा ओंडका कानाशी धरतात, बोटाने वाजवतात.
साल सोलून सहा महिने उघड्यावर ठेवलेलं लाकूड
वाळलं की वेगळं बोलतं म्हणे.
मला अजून ऐकू येत नाही.
मी बावन्न वर्षांची आहे.

ना हात, ना पाय.
एक धड, एक डोकं, पोटावर तांबडी शेवंती.
लोक विचारतात, हात का नाहीत?
वडील म्हणतात, ज्याच्या मुठीत ती मावायची
त्याला हात होते की.

भात कापून झालं की डोंगराखालचे शेतकरी
मोडलेली पाठ घेऊन इथल्या गरम पाण्यात उतरायचे.
तांदूळ घरचा, मिसो घरचा, शिल्लक चार नाणी.
त्यातलं एक आमच्या पणजोबांच्या खरादीवर यायचं
आणि पोरासाठी एक कोकेशी परत जायची,
सदऱ्याच्या आत, पोटाशी, उबेला.

आता धडं वडलांची, चेहरे माझे.
त्यांचा हात थरथरतो; पटाशीवर नाही,
फक्त ब्रशवर. हे कोडं डॉक्टरलाही सुटलं नाही.
डोळा काढताना मी श्वास धरते.
भुवई केसभर उतरली की बाहुली रुसते,
केसभर चढली की खुळी दिसते.
तळाला नाव मात्र त्यांचंच घालते.
त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

परवा फुरुकावाचा एक बसड्रायव्हर आला, कुमागाई.
टॉवेलमधून त्याने एक कोकेशी काढली.
चेहरा नाही. फुलं नाहीत.
नुसतं मधाच्या रंगाचं, गुळगुळीत लाकूड.
"आईची. आधी तिने चघळली, मग मावशीने, मग मी.
आई गेली. देव्हाऱ्यात ठेवायचीय.
तेवढा चेहरा काढून द्या."

मी शाई उगाळली. ब्रशचं टोक ओठांवर ओलं केलं.
वडलांनी बाहुली उलटी करून तळ पाहिला,
तिथल्या एका खाचेवर अंगठा ठेवला
आणि बराच वेळ उचलला नाही.
आजोबांना लिहिता येत नव्हतं.

मग त्यांनी तिचं डोकं तळव्यात धरलं,
जसं ताप पाहतात तसं.
फिरेना. कित्येक वर्षांत कुणी मान वळवली नव्हती.
त्यांनी जोर केला नाही. धरून बसले.
चहा निवला. कुमागाईने दोनदा घड्याळ पाहिलं.

आणि एकदम: कुईं.

बारीक, ओलसर, नुकत्याच जागी झालेल्या बाळासारखं.
गरगरत्या धडात डोकं दाबून बसवलं होतं,
तेव्हाच्या उष्णतेने आत कोंडलेलं.

कुमागाईने ती घेतली. एकदा वळवली.
पुन्हा वळवली. चेहऱ्याचं नाव काढलं नाही.
बाहेर, बर्फात, बसच्या दारापाशीही
तो वळवत उभा होता, प्रवासी आत खोळंबलेले.

"ब्रश धुऊन टाक," वडील म्हणाले.
एवढी उगाळलेली शाई.
मी सकाळची बाहुली समोर ओढली, डोळे काढले,
एक जरा तिरका झाला. राहू दिला.
मग तिला उलटी केली
आणि ब्रश तळावर टेकवून
वडलांकडे पाहिलं.
ते नवा ओंडका कानाशी धरून बसले होते.