दांडी

तेहतीस वर्षं मी हजेरी लिहिली.
भायखळ्याची चौकी, घनकचरा खातं,
पहाटे सव्वासहाला खिडकी उघडायची.
'ह' म्हणजे हजर, 'कि.र.' म्हणजे किरकोळ रजा,
आणि न सांगता न आलेल्याच्या चौकटीत
लाल शाईची आडवी रेघ.
तिला सगळे म्हणायचे दांडी.

"मॅडम, मंगळवारची दांडी तेवढी खोडा ना."
मी खोडली नाही. कधीच नाही.
एकदा खोडली, तारामतीच्या नातीचं बारसं होतं,
ते जाऊ दे.

आता मी निवृत्त, आणि गुडघे बोलू लागलेत.
डॉक्टर म्हणाले, वजन उचला.
मला वाटलं, 'उतरवा' म्हणतायत,
पुन्हा विचारलं. उचलाच म्हणाले.

माझगावात टेकडीच्या पायथ्याशी व्यायामशाळा,
बायकांची वेळ दुपारी तीन ते साडेचार,
शिकवायला रुक्साना, वय चोवीस, आवाज कंडक्टरचा.
तिनं लोखंडी रॉड हातात दिला,
दोन्ही टोकं बोडकी, एकही चकती नाही.
"काकी, आज नुसती दांडी."
मी दचकले. आल्या दिवशीच?

रुक्साना म्हणाली, रोजचं लिहून ठेवा.
मला सांगतेय. लिहून ठेवा म्हणून. मला!

निरोपाच्या दिवशी एक कोरं मस्टर
माझ्या पिशवीत आलं होतं (आणलं म्हणा).
एकतीस रकाने, शेवटी 'शेरा'.
नावं कुणाची घालणार?
मग घातली:
उजवा गुडघा. डावा गुडघा. कंबर.
खांदे, दोघांत मिळून एक ओळ.
दम.

उजवा गुडघा पहिला आठवडा उशिरा.
कंबर दोन दिवस वैद्यकीय रजेवर, दाखला नाही.
दम सहीपुरता आला आणि गेला,
असले मी पुष्कळ पाहिलेत.
सात तारखेला मी स्वतःच गेले नाही, टीव्हीवर काहीतरी होतं.
उभ्या रकान्यात सगळ्यांना लाल रेघ.
हात जरा थांबला, पण मारली.

पंचवीस किलो झाले त्या दिवशी
जिन्यात बसून बूट सोडताना
कानजी सोलंकी आठवला.
गटाराचं झाकण एकटा उचलायचा,
वाकून, पाठ सरळ, टाचा जमिनीत,
रुक्साना ओरडून ओरडून सांगते तस्सं.
दिवसाला किती झाकणं, किती किलो,
माझ्या मस्टरात कुठंच नाही.
माझ्याकडं आहे: फेब्रुवारी, अकरा दांड्या,
शेरा: विनापरवानगी.
हर्निया होता, हे मागाहून कळलं.
मागाहून कळलेल्याला रकाना नसतो.

रुक्सानाला विचारलं, झाकण केवढ्याचं असेल गं?
म्हणाली, "काकी, ते आपल्या चार्टमध्ये नाही."

'दम'च्या खाली एक ओळ रिकामी होती.
तिथं कानजीचं नाव लिहिलंय, पेन्सिलीनं.
पुढचे एकतीस रकाने कशानं भरायचे
ते अजून सुचलेलं नाही.

आजची नोंद:
दांडी, अधिक पाच-पाचच्या दोन चकत्या. आठ वेळा.
सातवी वाकडी होती.
तेही लिहिलंय.