ऐंशी दिनारात

हवल्लीच्या गल्लीत, तळमजल्यावर,
सैदालवीच्या दुकानात मी खिशातली चिठ्ठी उघडली:
ऐंशी दिनार. वर एक फिल्सही नाही.
तो म्हणाला, काय चालवणार? गेम?
म्हटलं, नाही. अक्षरं.
पाट्या, मेन्यूकार्डं,
कधीमधी एखादी लग्नपत्रिका.
"मग दिव्यांच्या खोक्यांकडे बघूच नकोस,"
असं म्हणत त्यानं काउंटरखालून ओढली
बुडालेल्या ट्रॅव्हल एजन्सीची राखाडी पेटी.

अठ्ठावीसला बोर्ड आणि प्रोसेसर, दोन्ही वापरलेले.
नऊला रॅमच्या दोन पट्ट्या,
दोन घरच्या, जावा-जावांसारख्या,
एका ओळीत बसतील पण पटेल की नाही सांगवत नाही.
आठला एसएसडी, पेटीचे तीन.
ग्राफिक्स कार्डाचं नाव काढलं तर हसला:
सपाट कामाला पैलवान कशाला?
पॉवर सप्लाय मात्र नवाच घ्यायला लावला, बाराचा,
तिथं घासाघीस चालू दिली नाही.
"पोटात काय जातं, त्यावर सगळं."
मॉनिटर पंधराला,
कोपऱ्यात अजून पुसट उमटलेल्या
कुठल्याशा विमानांच्या वेळा.

खैतानच्या बसमध्ये मांडीवर मॉनिटर, पायांत पेटी.
शेजारच्या फिलिपिनो बाईनं
काही न विचारता पाय आखडून घेतले.

दिवसा मी शुवैखला, मालकाच्या मशीनवर.
मला वाचता न येणारी नावं
उजवीकडून डावीकडे लावतो.
एकदा एका न्हाव्याच्या पाटीवरचा नुक्ता
शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला.
आठवडाभर तो न्हावी भलताच कोणीतरी होता.
कोण, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्याआधी दांडीच्या किनाऱ्यावर
होड्यांवर नावं काढायचो, तातू मेस्तांच्या हाताखाली.
ते बजावायचे: र चा पाय असा सोड
की होडी पाण्यात गेली म्हणजे
आधी तो भिजला पाहिजे.

शुक्रवारी खालच्या पलंगावर जोडणी.
स्क्रू लोणच्याच्या बरणीच्या झाकणात.
बाहेर एकोणपन्नास अंश,
आत प्लायवूडवरून झिरपणारा अर्धा एसी.
बटण दाबलं. पंखा फिरला.
पडदा काळा.
मुश्ताक परकार, मूळचा लाँचवरचा इंजिनवाला,
पेटीला कान लावून म्हणाला, श्वास आहे, शुद्ध नाही.

सैदालवी फोनवर जेवत होता.
रॅम काढ. सोनेरी दात खोडरबरानं घास.
खोडरबर!
ट्रंकेत तळाशी सापडलं, मालवणहून आलेलं,
एका कडेला अजून पेन्सिलची काजळी.
इथं त्याला पाच वर्षं काम नव्हतं;
दोन बटणं दाबली की चूक झालीच नव्हती असं होतं.
घासत बसलो. चादरीवर चुरा.
मशीनला आठवावं म्हणून खोडणारा माणूस
परकारानं जन्मात पाहिला नव्हता.

लागला.
लाल मात्र नारिंगीकडे झुकलेला.
कोकमाच्या आगळाची बाटली पडद्याशेजारी धरून
बटणं दाबत राहिलो, दोन्ही सारखे आंबट दिसेपर्यंत.

पहिलं काम न्हाणीच्या दारासाठी:
"बादली भरून ठेवावी."
मराठीत, तेलुगूत, नेपाळीत.
नेपाळी टेकबहादूरनं तपासली, एक वेलांटी वाढवली,
पैसे कुणीच दिले नाहीत.

अकराला खोलीत अंधार, हा नियम.
पेटीच्या निळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी,
उजेड कमीत कमी.
नवी फाइल. एक र.
शोधले तेवढ्या फॉन्टांत तो पाय नाही,
म्हणून बिंदू धरून ओढतोय,
थोडा खाली, थोडा बाहेर, परत आत.
वरून परकार: झोप रे, पाचाला गाडी.
हो म्हणालो.
पाय अजून कोरडाच आहे.